लेकीला जंतूंचं जेनेटिक्स शिकायचंय: महू की बी.एस्सी.?

प्रश्न: माझी मुलगी यंदा बारावी झाली, बायोलॉजी घेऊन. नीटचे गुण एम.बी.बी.एस.ला पुरणारे नाहीत. ती म्हणते, जनावरांना आणि माणसांना एकाच वेळी छळणाऱ्या जंतूंचे जीन्स अभ्यासायचेत. आजोबा म्हणतात, महूला व्हेटरिनरी (जनावरांची डॉक्टरकी) कर. हे म्हणतात, गोठ्यात राबण्यापेक्षा बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी बरी. आणि असले रोग घरात येतील अशी मला धास्ती. काय करावं?
— एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: ताई, महूला जागा मिळत असेल तर महू. आजोबांची बाजू घ्यायची म्हणून नव्हे. या विषयात अर्धं काम लॅबच्या दाराबाहेर होतं म्हणून.

टीबीचंच घ्या. माणसाचा नेहमीचा जंतू मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस, गाईचा मायकोबॅक्टेरियम बोव्हिस. दोघांचे जीनोम, म्हणजे सगळा डीएनए मिळून, ९९.९ टक्क्यांहून जास्त सारखे. तरी बोव्हिसच्या पीएनसीए या जीनमध्ये डीएनएचं एक अक्षर बदललेलं असतं, आणि तेवढ्यावर पायराझिनामाइड हे औषध त्याला लागू पडत नाही. टीबीच्या पहिल्या चार औषधांपैकी ते एक. म्हणजे टीबी आहे एवढं कळून भागत नाही, कोणता ते कळायला हवं. गंमत अशी की २०२० मध्ये वेल्लोरच्या रुग्णांच्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बोव्हिस सापडलाच नाही. मोजक्या रुग्णांत सापडला तो त्याचा भाऊबंद, मायकोबॅक्टेरियम ओरिजिस.

आता चूक कुठे होते ते बघा. टीबीचा जंतू वाढवायला सर्रास वापरतात त्या लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमात ग्लिसरॉल असतं. बोव्हिसला ते मानवत नाही, त्याला पायरुवेट लागतं. पायरुवेटची बाटली लावलीच नाही तर तो खुरटतो किंवा उगवतच नाही, आणि अहवालात ‘आढळला नाही’ असं जातं. नुसतं कॉम्प्युटरवर बसणाऱ्याला ही मेख कळायची नाही.

कासदाहाचंही, म्हणजे जंतूंमुळे कासेला येणाऱ्या सुजेचंही, तसंच. दुधाचा नमुना घेताना सड ७० टक्के अल्कोहोलने पुसायचं, पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्यायच्या, नळी तिरपी धरायची म्हणजे शेणाचा कण आत पडत नाही. पाच मिली पुरे. मग बर्फाच्या डब्यात घालून थेट लॅब. इथे घाई केली की ब्लड अगारवर (जंतू वाढवायच्या रक्त घातलेल्या प्लेटवर) तीन-चार तऱ्हेच्या वसाहती, म्हणजे जंतूंचे ठिपके, उगवतात. त्यातली एकच उचलून नव्या प्लेटवर पुन्हा रेघायची असते. दोन मिसळल्या तर कासदाहाच्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूचा प्रकार सात जीन्सवरून ठरवताना (टायपिंगमध्ये) एकाच जागी दोन अक्षरं दिसतात, आणि पोरं त्याला ‘नवा प्रकार सापडला’ म्हणून नाचतात. या जंतूची भिंतही चिवट. ती फोडणारं लायसोस्टॅफिन न घालता नेहमीच्या किटने डीएनए काढला तर हाती फारसं लागत नाही. त्याचा जीनोम साधारण २८ लाख अक्षरांचा. त्यातलं प्रत्येक अक्षर सरासरी ५० वेळा वाचायचं तर १४ कोटी अक्षरं, म्हणजे दोन्हीकडून दीडशे-दीडशे अक्षरं वाचणाऱ्या यंत्रावर पावणेपाच लाखांच्या आसपास जोड्या. असले हिशेब तिला आवडणार असतील तर विषय तिचा.

महूचं कॉलेज १९५५ पासूनचं, आता जबलपूरच्या नानाजी देशमुख विद्यापीठाखाली. बी.व्ही.एस्सी. ही व्हेटरिनरीची पदवी साडेपाच वर्षांची, त्यातलं एक वर्ष इंटर्नशिप. खुल्या वर्गाला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी मिळून ५० टक्के लागतात. १५ टक्के जागा नीटच्या गुणांवर व्हेटरिनरी कौन्सिल ऑफ इंडियाच्या समुपदेशनातून भरतात. राज्याच्या जागांचं पत्रक वेगळं निघतं. दोन्हीकडे नाव नोंदवा. एकच फॉर्म भरून बसू नका. पुढे एम.व्ही.एस्सी.ला व्हेटरिनरी मायक्रोबायोलॉजी किंवा व्हेटरिनरी पब्लिक हेल्थ घ्यावं. हा दरवाजा बी.व्ही.एस्सी.वाल्यांनाच उघडतो, बी.एस्सी.वरून नाही. बरेलीजवळच्या इज्जतनगरची पशुवैद्यक संशोधन संस्था, बंगळुरूची पशुरोगांवरची संस्था निवेदी, भोपाळची उच्च सुरक्षा पशुरोग संस्था या नावांवर तिने आतापासून नजर ठेवावी.

जागा नाही मिळाली तर तुमच्या यजमानांचं म्हणणं ऐका. बी.एस्सी., मग एम.एस्सी.साठी गॅट-बी ही बायोटेक्नॉलॉजीची प्रवेश परीक्षा. देवी अहिल्या विद्यापीठाचं स्कूल ऑफ बायोटेक्नॉलॉजी इंदुरातच आहे. मात्र बी.एस्सी.चं कॉलेज निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि लॅबमध्ये जाऊन ऑटोक्लेव्हचं (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं) रजिस्टर मागा. शेवटची नोंद कधीची? मग तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना विचारा, स्वतःच्या हाताने किती प्लेट ओतल्या. उत्तर येण्याआधी त्या एकमेकींकडे बघू लागल्या तर फी भरू नका. सगळं सोडून नीटसाठी आणखी एक वर्ष वाया घालवणं, हे मात्र मी कुणालाच सांगणार नाही.

तुमच्या धास्तीबद्दल. ती अनाठायी नाही. जनावरं गाभडवणारा ब्रुसेला हा जंतू लॅबमध्ये काम करणाऱ्यांना लागतो, हे जगभर माहीत आहे. जंतू वाढवलेली प्लेट उघडून हुंगण्याच्या जुन्या सवयीने तर हमखास. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने काढणं, वासरांना ब्रुसेलाविरुद्ध द्यायची एस-१९ ही जिवंत लस टोचताना सुई आपल्याच बोटात जाणं, हे दुसरे रस्ते. कपड्यांवरून घरभर पसरणारा हा रोग नव्हे. लांब हातमोजे, चष्मा, मास्क, सुई पुन्हा न टोपणं, आणि ब्रुसेलाचं कल्चर फक्त बंदिस्त सुरक्षित लॅबमध्ये. हात गोठ्यातच धुवायचे, घरी येऊन नव्हे. तापाची पाळी येऊ लागली तर डॉक्टरांना ‘मी जनावरांत काम करते’ हे पहिल्याच वाक्यात सांगायला शिकवा, नाहीतर टायफॉइडच्या गोळ्यांत महिना जातो.

आणि प्रवेश लागेपर्यंत घरच्या लॅपटॉपवर तिने एक करून पाहावं, पैसा लागत नाही. एनसीबीआय या जीन्सच्या फुकट संकेतस्थळावरून ट्युबरक्युलोसिसच्या एच३७आरव्ही आणि बोव्हिसच्या एएफ२१२२/९७ या दोन स्ट्रेनचा (उपप्रकारांचा) पीएनसीए जीन उतरवून घ्यायचा आणि शेजारी-शेजारी लावायचा. ५६१ अक्षरं आहेत. १६९व्या जागी एकात सी आणि दुसऱ्यात जी दिसेल. त्यामुळे या जीनवरून बनणाऱ्या प्रथिनात ५७व्या जागचं हिस्टिडीन जाऊन अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड येतं. जुळणीच होत नसेल तर घाबरू नये: हा जीन डीएनएच्या उलट्या साखळीवर आहे, जीनोममधून सरळ कापून घेतला असेल तर आधी उलटवून पूरक करून घ्यावा लागतो. हे तिने कुणाला न विचारता शोधून काढलं, की नुसतं ‘येत नाही’ म्हणून लॅपटॉप मिटला, ते मला कळवा.