फझ जड हवं, पण बँडमध्ये ऐकूही यायला हवं

प्रश्न : आम्ही गिटार सी स्टँडर्डपर्यंत, म्हणजे सगळ्या तारा नेहमीपेक्षा दोन पूर्ण स्वर खाली उतरवून वाजवतो. घरी एकट्याने वाजवताना माझं बिग मफ (गिटारचा आवाज जाड, खरखरीत करणारं फझ पेडल) भिंती हलवतं, पण सरावाला ड्रम आणि बेस सुरू झाले की गिटार नाहीशीच होते. दुसरं पेडल घ्यावं की स्वतः बांधावं? जर्मेनियमवालं फझ जास्त जड वाजतं असंही कानावर आलंय. (फोंडा)

उत्तर : जर्मेनियमचा नाद सोडा, निदान गोव्यात तरी. तापमान दहा अंशांनी वाढलं की जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा गळतीचा प्रवाह साधारण दुप्पट होतो आणि बायस (ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजवर काम करायला बसवलेला असतो तो बिंदू) सरकतो. एसी खोलीत जुळवलेलं पेडल मे महिन्यात उघड्या मांडवात तुटक, फाटका आवाज देऊ लागतं. शिवाय १९६६ च्या फझ फेसच्या घराण्यातल्या दोन ट्रान्झिस्टरच्या पेडलांची खरी मजा गिटारचा व्हॉल्यूम उतरवून आवाज स्वच्छ करण्यात आहे. उतरवलेल्या तारांवर पूर्ण कॉर्ड मारला की ती विस्कटतात. वरच्या सप्तकातला सूर मिसळणारं ऑक्टेव्ह फझ एकेका सुराला झकास, कॉर्डला मात्र चिखल करतं.

तुमच्या कामाला बिग मफच योग्य. सिलिकॉन ट्रान्झिस्टरचे चार टप्पे, आणि मधल्या दोन टप्प्यांत डायोड लाटेची टोकं कापतात. त्यामुळे सूर जाडही होतो आणि लांबतोही. गिटार नाहीशी होते ती टोन विभागामुळे. त्यात दोन वाटा आहेत. एका वाटेवर ३९ किलोओहम आणि १० नॅनोफॅरड, ती सुमारे ४०० हर्ट्झच्या वरचा आवाज कमी करत नेते. दुसरीवर ३.९ नॅनोफॅरड आणि २२ किलोओहम, ती सुमारे १८५० हर्ट्झच्या खालचा. टोनचा नॉब मध्यावर ठेवला की या दोहोंमध्ये खड्डा पडतो, आणि गिटारचं बोलणं नेमकं त्याच पट्ट्यात असतं. खालची जागा बेसने घेतलेली, वरची झांजांनी. मग गिटारला उरतं काय?

३.९ नॅनोच्या जागी १० नॅनोफॅरड लावा. वरची वाट ७२० हर्ट्झच्या आसपास सुरू होईल आणि खड्डा बराचसा भरेल. एवढ्याने भागलं नाही तर ३९ किलोओहमचा रेझिस्टरही २२ करा. मग दोन्ही वाटा एकाच ठिकाणी भेटतात आणि मिड्स (मधल्या पट्टीतला आवाज) जवळजवळ सपाट होतात. आमचा सल्ला पहिल्या बदलावर थांबून आधी पूर्ण बँडबरोबर वाजवून पाहण्याचा. सस्टेन (सूर लांबवणारा नॉब) आणखी वाढवून मात्र काही साधत नाही, फक्त तारेवरचा आघात बोथट होतो. तुमच्या पेडलमध्ये बोर्डाला चिकटवलेले बारीक एसएमडी भाग असतील तर ते बदलणं नाजूक काम आहे. त्यापेक्षा नवं बांधलेलं बरं.

प्रश्न : बिग मफ बांधायला कोणते भाग लागतील? इथल्या दुकानात २एन५०८८ ट्रान्झिस्टर मिळत नाही. (डिचोली)

उत्तर : बीसी५४९सी घ्या, चार नग, बीसी५४७सीही चालेल. फक्त पाय उलटे आहेत. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर २एन५०८८ चे डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी५४९ चे कलेक्टर, बेस, एमिटर. म्हणजे २एन५०८८ साठी आखलेल्या बोर्डावर तो अर्धी गिरकी देऊन बसवायचा.

पहिल्या तिन्ही टप्प्यांत कलेक्टरला १० किलोओहम, एमिटरला १०० ओहम, बेसपासून ग्राउंडला १०० किलोओहम, आणि कलेक्टर ते बेस ४७० किलोओहम, त्याला समांतर ४७० पिकोफॅरड. प्रवेशाला १०० नॅनोफॅरड आणि ३९ किलोओहम; पुढच्या दोन टप्प्यांच्या आधी १०० नॅनोफॅरड आणि १० किलोओहम. मधल्या दोन टप्प्यांत १एन४१४८ डायोडची एकमेकांविरुद्ध तोंडाची जोडी, तिच्याबरोबर एकसरीत १०० नॅनोफॅरड, आणि हे सगळं कलेक्टर ते बेस. चौथ्या टप्प्यात बेसला वरून ३९०, खालून १०० किलोओहम, एमिटरला २.७, कलेक्टरला १० किलोओहम. त्याच्या आधी आणि नंतर १०० नॅनोफॅरड. टोन विभागाचे भाग वर दिलेच आहेत. तिन्ही पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर : सस्टेन, टोन, व्हॉल्यूम) १०० किलोओहमचे. सस्टेनचा पॉट पहिल्या टप्प्यानंतर येतो, त्याच्या ग्राउंडकडच्या टोकाला १ किलोओहम जोडा, म्हणजे नॉब शून्यावर आणला तरी आवाज मरत नाही.

हे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात किंवा ऑनलाइन. डबा १२५बी मापाचा. भोकं पॉटला ७, जॅकला १०, फुटस्विच आणि पॉवर सॉकेटला १२ मिलिमीटर; स्टेप ड्रिल वापरा, साधं ड्रिल मोठ्या भोकाला अॅल्युमिनियम फाडतं. आधी आडवे भाग बसवा, मग कपॅसिटर, ट्रान्झिस्टर शेवटी.

प्रश्न : बांधून झालं. बायपासमध्ये (पेडल बंद असताना) आवाज नीट येतो, एलईडी लागतो, पण पेडल चालू केलं की क्षीण, पातळ आवाज. (मडगाव)

उत्तर : एलईडी लागणं म्हणजे बोर्डापर्यंत वीज पोचली असंही नाही, तेवढं आधी पाहा. मग मल्टिमीटर डीसीवर, काळी पिन ग्राउंडला. नऊ व्होल्टवर पहिल्या तिन्ही कलेक्टरवर ४ ते ४.७ व्होल्ट दिसायला हवेत, बेसवर ०.६ ते ०.७; चौथ्याच्या एमिटरवर सुमारे १.१.

कलेक्टर जवळजवळ ९ व्होल्टवर असेल तर ट्रान्झिस्टर वाहतच नाही : ४७० किलोओहमचं ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा) किंवा चुकीचा रेझिस्टर. पट्टे उजेडात वाचा, ४७० किलोओहमला पिवळा, जांभळा, पिवळा. कलेक्टर १.३ व्होल्टच्या आसपास अडकला असेल तर डायोडच्या एकसरीतला कपॅसिटर शॉर्ट आहे किंवा तिथे सोल्डरचा पूल झालाय. डायोडनी कलेक्टर बेसला बांधून ठेवलाय. आवाज येतो पण लुळा आहे, अशी तुमची तक्रार, म्हणून आमचा पहिला संशय उलट्या बसलेल्या ट्रान्झिस्टरवर. उलटा ट्रान्झिस्टरही थोडंफार वाढवतो, म्हणूनच फसवतो. दोन्ही डायोड एकाच तोंडाने लागले असतील तर उलट आवाज मोठा आणि ओबडधोबड येतो.

प्रश्न : पावसाळ्यात पेडल खरखरतं, आणि सस्टेन वाढवला की रेडिओ ऐकू येतो. (म्हापसा)

उत्तर : बोर्डावर राहिलेला फ्लक्स (सोल्डरमधला चिकट पदार्थ) जुलैच्या हवेत ओल धरतो. इथे ४७० किलोओहमसारखे मोठे रेझिस्टर आहेत, त्यांना समांतर बारीकशी गळतीही बायस हलवते. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून पूर्ण वाळवा. समुद्राजवळ राहत असाल तर जॅकच्या पात्यांवर हिरवट थर चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग दहा-वीस वेळा आतबाहेर करा. पेडल सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा.

गुणगुण स्वस्त अडॅप्टरची असेल तर वीज १०० ओहममधून आणून पुढे १०० मायक्रोफॅरड ग्राउंडला लावा. हे पेडल जेमतेम काही मिलिअँपिअर ओढतं, त्यामुळे व्होल्टेज फारसं पडत नाही.

रेडिओसाठी पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसपासून ग्राउंडला १०० पिकोफॅरड लावा. आधीच्या ३९ किलोओहमबरोबर तो सुमारे ४० किलोहर्ट्झच्या वरचं सगळं दाबत नेतो, गिटारला धक्का लागत नाही. इनपुट जॅक ते बोर्ड ही वायर शिल्डवाली घ्या, शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड करा. डब्याला रंग दिला असेल तर जॅकच्या भोवतीचा आतला रंग खरवडा. धातूला धातू टेकला नाही तर डबा ग्राउंड होत नाही आणि स्वतःच अँटेना बनतो.