ताप, उलट्या आणि अर्धवट सिनेमे

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री तीनचा निरोप सकाळी वाचला. दोन्ही पोरांना एकदम ताप, धाकटीला वरून उलट्या, बायको कामासाठी आठवडाभर बाहेर, आणि तुझी ही तिसरी जाग्रणाची रात्र. शेवटी जरा लाजतच विचारलं आहेस की, पोरं तापाने फणफणलेली असताना मी शेजारी बसून सिनेमा बघत होतो, हे बरं दिसतं का? पत्र पुरं वाचायला तुला सवड मिळेल याची खात्री नाही, म्हणून उत्तर आधीच देते. खुशाल बघ.

आजारपण काढणं म्हणजे सारखी धावपळ, असं मलाही पहिल्या वर्षी वाटायचं. खरं तर त्यातला बराचसा वेळ नुसता बसण्यात जातो. पॅरासिटामॉल दिलं की ताप उतरायला लागेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो. उलटी झाली की दहा मिनिटं काही द्यायचं नाही, मग ओआरएसचा एक चमचा, दोनेक मिनिटांनी दुसरा. घाईने वाटीभर पाजलंस तर ते सगळं तुझ्या शर्टावर परत येईल. या मधल्या वेळात आपण काय करतो? उठतो. कपड्यांच्या घड्या घालतो, भांडी आवरतो, नाहीतर फोनवर लक्षणं शोधून स्वतःला घाबरवून घेतो. आणि आपण उठलो रे उठलो की कुशीतलं पोर डोळे उघडतं. त्याचं मागणं एवढंच असतं की तुम्ही हलू नका. मला दोन तास एका जागी बसवून ठेवायची ताकद सिनेमाशिवाय दुसऱ्या कशात नव्हती. पुस्तकाला दिवा लागतो आणि दोन्ही हात लागतात.

मात्र सिनेमा कुठला, याचा विचार कर. रहस्यपट नको. नेमका खुनी कळायच्या वेळी 'बाबा, शू' येते, आणि मग तू पोरावर चिडतोस. आधी पाहिलेला, आवडलेला सिनेमा लाव. आवाज बंद, पडद्याचा उजेड कमी, खाली संवादांच्या ओळी. मूकपट तर अशा रात्रींसाठीच केल्यासारखे वाटतात. चॅप्लिनचा 'द किड' १९२१ सालचा. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा धाकटा माझ्या छातीवर पालथा झोपला होता आणि त्याच्या श्वासाची वाफ गळ्याला लागत होती. सिनेमातलं पोरगंही मध्येच आजारी पडतं. डॉक्टर येतात, सापडलेलं ते पोर सांभाळणाऱ्या चॅप्लिनला 'तुम्ही याचे वडील का?' असं विचारतात, आणि पुढचं सगळं संकट त्या एका प्रश्नातून उभं राहतं. मी हुंदका गिळला, कारण छाती हलली असती तर तो उठला असता.

तुकड्या-तुकड्यांनी बघावं लागतं याचं वाईट वाटून घेऊ नकोस. ३५ मिलिमीटरच्या फिल्मचं हजार फुटांचं एक रीळ जेमतेम ११ मिनिटं चालतं. म्हणजे सिनेमा डब्यांतून यायचा तोच मुळी तुकड्यांनी. तुला रात्रीत तीन रिळं बघायला मिळाली तरी पुष्कळ झालं.

मुलांना दाखवायचं तर एरवीचे पडद्याचे नियम या चार दिवसांत थोडे सैल झाले म्हणून काही बिघडत नाही. फक्त भराभर दृश्यं बदलणारं, किंचाळणारं काही लावू नकोस. तापलेल्या डोक्याला त्याने किरकिरच वाढते. 'द रेड बलून' हा १९५६ चा फ्रेंच चित्रपट ३४ मिनिटांचा आहे आणि त्यात संवाद जवळजवळ नाहीतच. पण तो फुगा शेवटी फुटतो, हे आधी सांगून ठेव. मी सांगितलं नव्हतं, आणि थोरलीने त्यानंतर जे भोकाड पसरलं त्यात आधी दिलेलं औषधही बाहेर आलं. दुसरा जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा 'माय नेबर टोटोरो', १९८८ चा, ८६ मिनिटांचा. त्यात दुष्ट असं कुणीच नाही. दोन बहिणी आहेत, त्यांची आई इस्पितळात आहे. नामावली सुरू झाली की बंद करू नकोस हं. आई घरी आल्याचं त्या नामावलीतल्या चित्रांत दाखवलंय. थोरलीला ती चित्रं दिसली नाहीत तर ती झोपायची नाही.

आणि एकच सिनेमा पाचव्यांदा मागतात तेव्हा लावून दे. पुढे काय होणार हे ठाऊक असणं, ही त्या दिवसांतली मोठी सोय असते. अंगात काय चाललंय ते त्यांना कळत नसतं, निदान पडद्यावरचं तरी कळतं.

याच सवयीने मला एकदा वेळेवर जागं केलं. थोरली चारची होती. जुलाब-उलट्यांचा दुसरा दिवस, ताप मात्र ३७.८ अंश सेल्सिअसवर आलेला, म्हणून मी निर्धास्त. टोटोरो चालू होता. बसथांब्यावर टोटोरो, म्हणजे त्यातला तो मोठा केसाळ प्राणी, छत्री धरून उडी मारतो, झाडावरचं सगळं पाणी धो धो खाली येतं, तिथे ही दर वेळी त्याच्यासारखी डरकाळी फोडायची. त्या दुपारी तिने फोडली नाही. डोळे पडद्यावर होते, पण ती बघत नव्हती. मी मागे नेऊन तेच दृश्य पुन्हा लावलं. काही नाही. ओठ कोरडे, रडली तर डोळ्यांत पाणी नाही, आणि मग लक्षात आलं की सकाळपासून शू झालेलीच नाही. तशीच उचलून डॉक्टरांकडे नेली. अंगातलं पाणी बरंच कमी झालं होतं. रात्रभर सलाइन लावावं लागलं.

तेव्हापासून मी आकड्याइतकीच पोराच्या तोंडाकडे बघते. ३९.५ ताप असूनही औषधानंतर खेळायला उठणारं मूल मला तितकंसं घाबरवत नाही. ताप उतरूनही मलूल पडून राहिलेलं घाबरवतं. श्वास भराभर चालतोय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, मान ताठ झालीय, दाबूनही न विरणारे लाल-जांभळे डाग आलेत, किंवा हाक मारूनही नीट जागं होत नाही, यातलं काहीही दिसलं तर सिनेमा तिथेच टाकायचा आणि निघायचं. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर ३८ तापालाही थांबायचं नाही. तुझी दोघं मोठी आहेत, पण तुझ्या बहिणीचं लहान आहे म्हणून लिहिते. तापात आकडी आली तर कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, घड्याळ बघ. पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीची मदत बोलाव, थांबली तरी डॉक्टरांना दाखव.

हातपाय गार आणि अंग तापलेलं असेल, पोर कुडकुडत असेल, तर ताप अजून चढतोय असं समज. तेव्हा गार पाण्याने पुसत बसू नकोस, कुडकुडणं वाढतं. पातळ पांघरूण पुरे. आणि सर्दीतापाला अँटिबायोटिक लिहून द्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नकोस. विषाणूवर त्याचा काही उपयोग नाही. लहान मुलांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं साधारणच आहे, तेव्हा हे सगळं तुला पुन्हा करायचं आहे.

एक गोष्ट मात्र माझं ऐकून करच. वही ठेव. आमच्याकडे एकदा मी दिलेला डोस नवऱ्याने अर्ध्या तासात पुन्हा दिला होता. तो झोपेत, मी झोपेत, बाटली मात्र जागेवर. काही झालं नाही, पण ती रात्र मी घड्याळाकडे बघत काढली. पॅरासिटामॉल मुलाच्या वजनावर ठरतं, दोन डोसांत निदान चार तास जावे लागतात, आणि थेंबांच्या बाटलीतलं औषध सिरपपेक्षा कितीतरी तीव्र असू शकतं. म्हणून वेळ, ताप, औषध, किती, कुणाला, हे लगेच लिहायचं. तुझी तर दोघं आहेत, आणि दोघांची वजनं वेगळी.

माझी वही परवा कपाटात सापडली. एका पानावर असं आहे: '२:१०. ३९.१. सिरप दिलं. ४१ व्या मिनिटाला थांबवला.' खाली: '३:००. ३८.४. घाम आला. झोपला. ५२.' त्याखाली माझ्याच अक्षरात: '४:१५. पाणी प्यायला. संपला.' हा शेवटचा शब्द वाचून नवरा दचकला होता. सिनेमा संपला होता, रे.

बायको आली की तिच्या हातात वही दे आणि सरळ झोपायला जा. हकिकत नंतर सांग. आणि थर्मामीटरचा सेल बदल. पहाटेच्या निरोपात तू ३४.२ असा आकडा लिहिला आहेस.

तुझी,
ताई