घर विकायला काढताना: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच शंका आहे: विकण्याआधी घरावर खर्च किती करायचा? आमचे मत सांगून टाकतो. गोव्याच्या पावसात रंगावर घातलेला पैसा क्वचितच वसूल होतो. पाणी अडवण्यावर आणि कागद जुळवण्यावर घातलेला मात्र होतो.

फोंडा तालुक्यात आमचे जुने चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) कौलारू घर आहे. दर पावसाळ्यात भिंती खालून दोन-अडीच फूट ओल्या होतात आणि रंगाचे पोपडे निघतात. दिवाळीला घर दाखवायला सुरुवात करायची आहे. पेंटर वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारू म्हणतो. मारावेत का?

नकोत. चिरा सच्छिद्र असतो आणि जमिनीतले पाणी वर ओढून घेतो. भिंतीला चुन्याचा गिलावा होता तोवर हे पाणी बाहेर येऊन सुकत असे. पुढे दुरुस्तीच्या नावाखाली त्यावर सिमेंट चढले, पाण्याची वाट बंद झाली आणि ओल आणखी वर गेली. पाण्याबरोबर आलेले क्षार रंगामागे साठतात, फुगतात आणि पोपडा उचलतात. वॉटरप्रूफ रंग म्हणजे त्यावर आणखी एक झाकण. दिवाळीला भिंत छान दिसेलही. पण जाणता खरेदीदार हल्ली ओल मोजायचे यंत्र घेऊन येतो, आणि ताज्या रंगाखाली ओल सापडली की घरात आणखी काय झाकले असेल या विचाराने सगळ्याचाच भाव पाडतो.

काम बाहेरून सुरू करा. फुलझाडांचे वाफे, मागाहून बसवलेले पेव्हर्स यांमुळे अंगणाची पातळी जोत्यावर चढलेली असते. घरातल्या जमिनीपेक्षा ती निदान सहा ते आठ इंच खाली हवी. पागोळ्या पडतात तिथे गटार काढा आणि त्याला दर मीटरला एक सेंटिमीटर तरी उतार द्या, नाहीतर तेच पाणी घराच्या पायात मुरते.

मग आत या. ओल जिथवर चढली आहे त्याच्या वर आणखी फूटभर सिमेंटचा गिलावा काढून टाका. उघड्या चिऱ्यावरचा खार कोरड्या ब्रशने झाडा; पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. आता भिंत तशीच सोडा. पाऊस ऑक्टोबरात ओसरतो, पण इतकी जाड भिंत महिनाभरात सुकत नाही, निदान जानेवारीपर्यंत थांबावे लागते. त्यानंतर एक भाग चुना, तीन भाग वाळू असा गिलावा दोन थरांत करा. एक थर १०–१२ मिलिमीटरचा, दोहोंमध्ये आठवड्याचे अंतर, आणि तेवढे दिवस गिलाव्यावर ओले गोणपाट ठेवायचे. शेवटी चुन्याची सफेदी. प्लास्टिक इमल्शन या भिंतीला लावू नका, सगळी मेहनत वाया जाईल.

म्हणजे दिवाळीचा मुहूर्त चुकणार. घाईच असेल तर गिलावा काढलेली भिंत उघडीच दाखवा आणि काय काम चालले आहे ते सांगा. त्याने भाव कमी पडतो खरा, पण लपवलेली ओल सापडल्यावर पडतो तेवढा नाही.

छपराबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. मंगळुरी कौलांच्या खाचा कारखान्यागणिक थोड्या वेगळ्या असतात. एका छापाच्या रांगेत दुसऱ्या छापाचे कौल नीट बसत नाही आणि तिथूनच गळती सुरू होते. जुन्या कौलांची पाठ पाहून छाप ओळखा. मागच्या पडवीची चांगली कौले काढून दर्शनी उतारावर घाला आणि नवी एकाच छापाची आणून पडवी भरा. वासे मात्र टोचून पाहा. भिंतीत जिथे टेकतात तिथे पेचकस सहज आत गेला, तर आतून वाळवीने पोखरले आहे. तेवढा वासा बदलावा आणि जोत्याकडेने फुटाफुटावर १२ मिलिमीटरची तिरकी भोके पाडून वाळवीचे औषध भरून घ्यावे. पावती आणि हमीपत्र जपून ठेवा, खरेदीदार मागतो.

म्हापशाजवळचे घर अजून वडिलांच्या नावावर आहे. आई हयात आहे. आम्ही तीन भावंडे, त्यांतला एक भाऊ पोर्तुगालमध्ये. दलाल म्हणतो, गिऱ्हाईक मिळाल्यावर कागद बघू.

दलालाचे ऐकू नका. विक्री रेंगाळते ती इथेच. गोव्यात विवाहितांची मालमत्ता, वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर, दोघांची सामाईक असते. त्यामुळे घरातला निम्मा हिस्सा आईचा स्वतःचा आहे. वारसा उघडतो तो वडिलांच्या निम्म्याचा. आणि तुम्हा भावंडांपैकी ज्यांना ही सामाईक मालमत्तेची पद्धत लागू आहे, त्यांच्या नवरा-बायकोचीही सही विक्रीपत्रावर लागते. जावई किंवा सून सहीला तयार नाही हे आगाऊ रक्कम घेतल्यावर कळणे सर्वांत वाईट.

सगळे सज्ञान असतील आणि विकायला राजी असतील, तर विशेष नोटरीपुढे, म्हणजे सब-रजिस्ट्रार कार्यालयात, वारसांचा दस्त करून घ्या. वारस कोण एवढेच त्याने ठरते, वाटणी होत नाही. पण सगळे मिळून विकणार असाल तर तेवढे पुरते. वारसांत कोणी अल्पवयीन असेल किंवा एकमत नसेल, तर न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी, करावी लागते. तिला वेळ लागतो हे धरूनच चाला. दस्तानंतर मामलेदाराकडे म्युटेशनचा (फेरफाराचा) अर्ज करून एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या हक्कनोंदीवर, नावे चढवा. शहर सर्व्हेत येत असाल तर उताऱ्याऐवजी फॉर्म डी असतो.

पोर्तुगालमधल्या भावाचे मुखत्यारपत्र भारतीय दूतावासात साक्षांकित किंवा अपॉस्टिल (तिथल्या सरकारचा प्रमाणशिक्का) केलेले हवे. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. लोक इथे हमखास चुकतात. त्यात 'मालमत्तेचे व्यवहार' असे मोघम न लिहिता सर्व्हे क्रमांक, विक्रीचा आणि रक्कम स्वीकारण्याचा अधिकार स्पष्ट लिहा. भाऊ अनिवासी असल्याने त्याच्या वाट्यावरची करकपातही वेगळी आणि जास्त असते. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधीच मागवावा.

कराबद्दल आणखी एक. सामाईक मालमत्तेच्या पद्धतीतल्या जोडप्याचा भांडवली नफा आयकर कायद्याप्रमाणे नवरा-बायकोत निम्मा-निम्मा धरला जातो. उताऱ्यावर नाव एकाचेच असले तरी पॅन दोघांचेही लागते. घरी राहणाऱ्या बायकोचे पॅन कार्ड काढलेलेच नसते आणि ऐन वेळी जास्त दराने कपात होते.

पेडण्यात घराच्या कुळागरात (पोफळी-नारळाच्या बागेत) एका कुटुंबाची जुनी झोपडी आहे. पलीकडे आमची भातशेती. सगळे एकत्र विकता येईल का?

एक-चौदाच्या 'इतर हक्क' रकान्यात मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) म्हणून नाव आहे का, ते पाहा. असेल तर त्या कुटुंबाला १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे. राहते घर आणि पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेण्याचा हक्कही आहे. ती आधी त्यांच्या नावे करून, हद्द आखून वेगळी करा आणि उरलेले विका. नाव नाही म्हणून हक्क नाही असे समजू नका. ते कुटुंब पुढेही दावा करू शकते, आणि खरेदीदाराचा वकील याच मुद्द्यावर अडेल. भातशेती वेगळीच ठेवा. २०२३ च्या कायद्याने ती शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही. झाडे तोडून जागा 'मोकळी' करून दाखवायचा मोह असेल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय कुऱ्हाड लावू नका.

मडगावातला फ्लॅट विकायचा आहे. स्वयंपाकघर नवे करून द्यावे का?

नाही. येणारा ते स्वतःच्या आवडीने पुन्हा फोडतो. गळके नळ, संडासातली ओल आणि विजेचे उघडे बोर्ड एवढेच दुरुस्त करा. ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला), सोसायटीची थकबाकी नसल्याची चिठ्ठी, घरपट्टीच्या पावत्या जमवून ठेवा. तुमच्याकडे नोंदणीकृत विक्रीपत्र आहे की बिल्डरबरोबरचा नुसता करारनामा, हे सर्वांत आधी तपासा. नुसताच करारनामा असेल तर बिल्डर सापडतो आहे तोवर विक्रीपत्र करून घ्या.

विहिरीचे पाणी दाखवायचे म्हणून काही करावे लागते का? आणि देवघरातले देव, झोपाळा, माटोळीची (गणपतीवर फळे-फुले टांगायची) चौकट यांचे काय?

विहीर मे महिन्यात दाखवा. तेव्हा पाणी असले तर बोलायलाच नको. गाळ त्याआधी उपसा. निर्जंतुकीकरणाला हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते. दोन मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते सुमारे ९,४०० लिटर भरते, म्हणजे २४ ग्रॅमच्या आसपास. पावडर बादलीत कालवून वरची निवळी तेवढी सोडा.

वस्तूंबद्दल: नेणार आहात त्या घर दाखवण्याआधीच हलवा. झोपाळा एकदा टांगलेला दिसला की गिऱ्हाईक तो घराबरोबरचाच धरून चालते. छताचे हूक आणि माटोळीची चौकट राहणार की काढणार ते करारात लिहा. देव हलवायचा दिवस भटजींना विचारून आधीच ठरवा. शेवटची चवथ (गणेशचतुर्थी) याच घरात करायची असेल तर ताबा देण्याची तारीख त्यानंतरची टाका आणि मधल्या महिन्यांचे वीज-पाण्याचे बिल कोण भरणार तेही त्याच कलमात घाला.