ग्रामपंचायतीने रस्त्यावर केलेल्या खर्चाचा हिशेब गावकऱ्याने कसा मागावा?

माहिती अधिकाराखाली त्या कामाची मोजमाप पुस्तिका मागा; नुसता 'खर्चाचा तपशील' मागू नका. बिल निघण्याआधी अभियंता याच पुस्तिकेत रस्त्याची लांबी, रुंदी आणि काँक्रीटची जाडी लिहून सही करतो. प्रत हातात आली की टेप घेऊन रस्त्यावर जा. लांबी-रुंदी लगेच कळते, आणि जाडी तुटलेल्या कडेला दिसते. तिथेच खरं-खोटं होतं.

अर्जासोबत हे तीन कागदही मागा:
- अंदाजपत्रक
- कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेला आदेश)
- अदा केलेल्या बिलाची प्रत

अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. मजकूर 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा ठेवा, कारण महाराष्ट्राच्या नियमांत तशी अट आहे. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील करा. वित्त आयोगाच्या निधीतला खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर घरबसल्या दिसतो, तो आधी बघून घ्या.

मात्र काम आमदार निधीतलं किंवा जिल्हा परिषदेचं असेल तर हे कागद ग्रामपंचायतीत नसण्याची शक्यता आहे. तरीही अर्ज वाया जात नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) प्रमाणे तो 5 दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांना बंधनकारक आहे.