आईपासून रिपोर्ट लपवू नकोस

‘ताई, मी ४१ वर्षांची. आईला ४४व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता, आता ती बरी आहे. परवा माझी मॅमोग्राफी झाली. गाठ नाही, पण रिपोर्टमध्ये ‘दाट ऊती’ असं लिहिलंय. आईला सांगितलेलं नाही. माझ्यामुळेच तुला हे, असं म्हणत ती झुरेल. मला मात्र झोप लागत नाही. – एक लेक’

लेकी,

आधी ‘दाट’ या शब्दाची भीती काढून टाक. दाट ऊती म्हणजे स्तनात चरबी कमी आणि ग्रंथी-तंतूंचा भाग जास्त. हा आजार नव्हे. चाळिशीपुढच्या जवळपास निम्म्या बायकांच्या त्या तशाच असतात. मात्र मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेमध्ये, त्या पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच, त्यामुळे लहानशी गाठ झाकली जाऊ शकते. कर्करोगाचा धोकाही थोडा वाढतो. तेव्हा ‘गाठ नाही’ एवढ्यावर थांबू नकोस. किती दाट, हे डॉक्टरांना विचार. नेदरलँड्समध्ये अतिदाट ऊती असलेल्या बायकांना मॅमोग्राफीनंतर एमआरआयलाही बोलावून पाहिलं. दोन तपासण्यांच्या मधे उघडकीला आलेले कर्करोग नुसत्या मॅमोग्राफीच्या गटात हजारी ५ होते, एमआरआयला बोलावलेल्या गटात २.५. हे निष्कर्ष २०१९चे. एमआरआयमुळे कधी नसती शंकाही निघते आणि सुईने तुकडा काढून तपासावा लागतो. तुला त्याची गरज आहे का, ते डॉक्टर ठरवतील, पण आईला कितव्या वर्षी कर्करोग झाला ते सांगून विषय तूच काढ.

आता आईचं. इथे तुझं मला अजिबात पटलेलं नाही. ज्यांत बिघाड असला तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो, ती बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही जनुकं १९९४-९५ मध्ये हाती लागली, तेव्हापासून अशा घरांत रक्ताची तपासणी करता येते. शक्य असेल तर ती आधी आजार होऊन गेलेल्या माणसाची करतात. आईत बिघाड सापडला, तर तो तुझ्यात असण्याची शक्यता निम्मी, आणि नेमका तोच तुझ्यात शोधता येतो. एकट्या तुझीच तपासणी केली आणि काही निघालं नाही, तर त्यावरून फारसं कळत नाही. म्हणजे जिच्यापासून तू लपवते आहेस, उत्तराची वाट तिच्यापासूनच सुरू होते!

ती झुरेल, हे खरं. पण स्तनाच्या कर्करोगांपैकी ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात, हे तिला कुणी सांगितलंय का? तू सांग. मग जनुक-समुपदेशकाकडे दोघी मिळून जा. आजीला, मावशांना काय झालं होतं, कितव्या वर्षी, हे तिलाच ठाऊक असणार. वडिलांकडच्या बायकांचंही विचारून ठेव. हा बिघाड बापाकडूनही येतो.