युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला कोणती कविता वाचावी? की स्वतःच लिहावी?

तुम्ही लिहिलंय की स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात तुम्हाला तीन-चार मिनिटं मिळाली आहेत, समोर गेलेल्या सैनिकांच्या घरची माणसं असतील, आणि म्हणून भीती वाटते. ती भीती राहू द्या. पहिल्या वेळी मला ती वाटली नव्हती, तिथंच माझं चुकलं.

अशा कार्यक्रमांत मी बरीच वर्षं कविता वाचतो. पहिली वाचली ती माझीच, चाळीस ओळींची. रक्ताचा सडा, मातीचं ऋण, छातीवर झेललेल्या गोळ्या, सगळं होतं तिच्यात. आवाजही चढा लावला होता. पहिल्या रांगेत एक बाई दोन मुलांना घेऊन बसल्या होत्या. मी गोळ्यांच्या ओळीवर आलो आणि धाकट्यानं, असेल पाच-सहा वर्षांचा, आईला विचारलं, "किती गोळ्या?" त्या काही बोलल्या नाहीत, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. माझ्या पंचवीस ओळी अजून बाकी होत्या. त्या मी कशा वाचल्या ते मला आठवत नाही.

तेव्हापासून कविता निवडताना मी एवढंच पाहतो: ही ओळ त्या मुलासमोर वाचता येईल का? म्हणजे कविता गोड हवी असं नाही. मरणाला मरणच म्हणावं. पण ज्याचा बाप गेला त्याच्यासमोर आपण मरणाची आरास मांडत नाही ना, हे तपासून घ्यावं.

आधी जुन्या कवितांबद्दल, कारण तिथून शिकण्यासारखं खूप आहे. इ.स.पूर्व ४८० मध्ये ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीत इराणी फौजेशी लढताना स्पार्टाचे सैनिक पडले. त्यांच्या स्मारकावर दोनच ओळी होत्या. इतिहासकार हिरोडोटसनं त्या नोंदवून ठेवल्या आणि परंपरेनं त्या सिमोनिडीस या कवीच्या नावावर सांगतात. मेलेले सैनिक वाटसरूला म्हणतात: स्पार्टात जाऊन सांग, त्यांचा शब्द पाळून आम्ही इथं निजलो आहोत. बस, एवढंच. शूर नाही, अमर नाही, शत्रूचं नावही नाही. फक्त एक निरोप, आणि तो पोचवायची जबाबदारी वाचणाऱ्यावर.

चोवीसशे वर्षांनी निरोपाचा हाच घाट नागालँडमधल्या कोहिमात दिसतो. १९४४ मध्ये जपानी फौजेशी झालेल्या लढाईनंतर तिथल्या युद्धस्मशानात जे स्मारक उभं राहिलं, त्यावर कोरलंय की घरी गेलात की आमच्याबद्दल सांगा, तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला. या ओळी जॉन मॅक्सवेल एडमंड्स यांच्या मानतात. ते ग्रीकचे अभ्यासक होते, त्यामुळे निरोपाचा हा घाट त्यांच्या हाती कुठून आला असेल ते उघड आहे. तुमच्याकडे एकच मिनिट असतं तर मी हेच सांगितलं असतं: निरोपासारखं लिहा.

जगभर अशा प्रसंगी सगळ्यांत जास्त म्हटलं जातं ते बहुधा इंग्रज कवी लॉरेन्स बिनयन यांचं एक कडवं. कविता २१ सप्टेंबर १९१४ च्या 'द टाइम्स'मध्ये छापून आली, म्हणजे पहिलं महायुद्ध सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. सात कडव्यांपैकी लोक म्हणतात ते चौथं. मागे राहिलेले आपण म्हातारे होऊ, ते होणार नाहीत. सूर्य मावळताना आणि सकाळी आपण त्यांना आठवू. शेवटची ओळ सगळे मिळून पुन्हा म्हणतात. त्यात 'सकाळी' हा शब्द मला फार खरा वाटतो. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना विचारा, संध्याकाळ एक वेळ निघते, पण जाग आल्यावरचा पहिला क्षण निघत नाही.

जॉन मॅक्रे यांची खसखशीच्या लाल फुलांची कविता घेणार असाल तर ती पूर्ण वाचून मगच ठरवा. मॅक्रे कॅनडाचे लष्करी डॉक्टर. मे १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर त्यांचा तरुण मित्र तोफगोळ्यानं गेला, आणि पाद्री नव्हता म्हणून दफनाच्या वेळची प्रार्थना त्यांनीच म्हटली. पंधराच ओळींची कविता, पण तिसऱ्या कडव्यात मेलेले जिवंतांना सांगतात की शत्रूशी आमचं भांडण पुढं चालवा. युद्ध चालू असताना त्याला एक अर्थ होता. स्मृतिदिनाला ते कडवं हवं का, हे तुम्ही ठरवायचं. मी वाचत नाही. त्याच युद्धातले इंग्रज सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेन यांचं दुःख जास्त खोल आहे, ते स्वतः युद्ध संपायच्या एक आठवडा आधी, ४ नोव्हेंबर १९१८ ला मारले गेले. पण त्यांच्या कविता शांतपणे, एकट्यानं वाचायच्या. गर्दीत त्या निसटतात.

आता मराठीकडे. कुसुमाग्रजांची 'वेडात मराठे वीर दौडले सात' कुणाला आठवत नाही? १६७४ मध्ये नेसरीला प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार धावून गेले, त्यांच्यावरची. ऐकली की आजही काटा येतो. पण तिथं शतकांचं अंतर मध्ये आहे. काल-परवा गेलेल्याच्या आईसमोर तो वेग मला पेलत नाही. आपल्या भाषेत याहून साधे शब्द आहेत. बखरीत लिहितात, अमुक 'कामी आले'. दोन शब्द, आणि त्यात सगळं. त्यांच्याशेजारी 'रक्तरंजित बलिदान' ठेवून पाहा, कोणतं जास्त वेळ कानात राहतं?

पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांना सावकारी पत्रातून बातमी कळली असं सांगतात: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवराव भाऊ, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे साधे शिपाई. भाषा म्हणून अप्रतिम. पण मी त्या 'खुर्दा'वर अडतो. त्या खुर्द्यातल्या प्रत्येकाला घर होतं. तुम्ही कविता वाचणार ती बहुतेक खुर्द्यासाठीच असेल, सेनापतींसाठी नव्हे.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धस्मशानांत हे बदललं. अधिकारी असो की शिपाई, दगड सारखाच. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या दगडावर 'देवालाच ठाऊक' अशा अर्थाचे शब्द आहेत. ते शब्द इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग यांनी सुचवले. त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा १९१५ मध्ये फ्रान्समधल्या लूसच्या लढाईत नाहीसा झाला होता, आणि त्यांच्या हयातीत त्याची कबर सापडली नाही. घरच्यांना दगडावर स्वतःचे शब्द कोरून घ्यायचे असतील तर मर्यादा होती सहासष्ट अक्षरांची, मधल्या मोकळ्या जागा धरून.

स्वतः लिहिणार असाल तर इथूनच सुरुवात करा. आधी सहासष्ट अक्षरांत लिहा. काय राहतं ते पाहा. विशेषणं आपोआप गळतात. मग हवं तर वाढवा, पण दहा-बारा ओळींच्या वर जाऊ नका, आणि मोठ्यानं वाचून पाहा. जिथं तुमचाच गळा दाटतो त्या ओळीनंतर श्वासाला जागा ठेवा. नावं वाचणार असाल तर उच्चार घरच्यांकडून आधी विचारून घ्या. आडनावातला एक काना चुकला तरी त्या घराला तो वर्षभर टोचतो.

आणि घरच्यांशी बोला. मी त्या बाईंकडे पुढच्या वर्षी गेलो. माफी मागितली. गोळ्यांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, सायकलबद्दल बोलल्या. त्यांची परवानगी घेऊन मी हे लिहिलं. उपयोगी वाटलं तर घ्या, किंवा असंच तुमच्या माणसांचं काही शोधा:

पुढच्या सुट्टीत सायकलची सीट वर घेतो
म्हणाला होता.
सुट्टी आली नाही. मुलगा उंच झाला.
पाना खिडकीत होता, त्यानं ठेवला तसा.
सीट आम्ही वर घेतली.
एक बोल्ट आवळायला
अख्खी सकाळ गेली.

वाचताना आवाज चढवला नाही. संपल्यावर टाळ्या झाल्या नाहीत, ते बरं झालं. कार्यक्रम उरकल्यावर तोच धाकटा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, पाना खिडकीत नव्हता, फडताळात होता." मी खिशातून पेन काढून त्याच्यासमोरच कागदावर 'खिडकीत' खोडलं आणि 'फडताळात' लिहिलं. त्यानं वाचून पाहिलं, मान हलवली आणि आईकडे पळाला.