स्प्लिटहून बेटांवर: बोट ठरवण्याआधी

क्रोएशियातल्या स्प्लिटहून खासगी स्पीडबोट घेऊन दिवसभर बेटं फिरण्याविषयी आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: जुलैत आम्ही नऊ जण स्प्लिटला जातोय. त्यात सत्तरीपुढचे आजी-आजोबा आणि चार व आठ वर्षांची दोन मुलं आहेत. ‘पाच बेटं, ब्लू केव्ह, दहा तास, इंधन वेगळं’ असं कोटेशन आलंय. घ्यावं का? (पुणे)

उत्तर: बेटं किती हे नंतर बघा, आधी मैल मोजा. स्प्लिटहून बिशेवो (ब्लू केव्ह तिथे आहे), मग विस बेटाचा दक्षिण किनारा, पाक्लेनी बेटं, ह्वार आणि परत स्प्लिट, हा फेरा साधारण 80 सागरी मैलांचा पडतो. म्हणजे दीडशे किलोमीटर. 25 नॉटच्या (तासाला 25 सागरी मैल) वेगाने सव्वातीन तास नुसते पळण्यात जातात. जुलैत गुहेची रांग तास-दोन तासांची असते. उरलं त्यात चार थांबे, जेवण आणि मुलांचं पोहणं.

आता ‘इंधन वेगळं’ याचा हिशोब. सात-साडेसात मीटरची बोट आणि 250 हॉर्सपॉवरचं एक इंजिन असेल, तर मैलाला सुमारे दोन लिटर पेट्रोल धरा. 80 मैलांना 160 लिटर. लिटरला दीड ते पावणेदोन युरो धरले तर अडीचशे युरोंच्या आसपास भाड्यावर चढतात, आणि दोन इंजिनांची बोट असेल तर आणखी. दोन कोटेशन शेजारी ठेवताना ही रक्कम मिळवूनच तुलना करा. इंधन वेगळं ठेवायचंच असेल, तर निघताना टाकी भरलेली आणि परतल्यावर पंपावर पुन्हा भरून पावती, ही पद्धत मागा. ‘अंदाजे इतके लागतात’ यावर मान डोलावू नका.

पैशांहून मोठा प्रश्न वाऱ्याचा आहे. उन्हाळ्यात इथे मायस्त्राल नावाचा वायव्येचा वारा वाहतो. सकाळी दहा-अकराला सुरू होतो, दोन ते चारच्या सुमारास भरात असतो आणि सूर्य कलला की पडतो. सकाळी सपाट समुद्रावरून लांबचं बिशेवो आधी गाठायचं आणि मग ह्वारकडे वळायचं, ते यासाठीच. पण ह्वारहून स्प्लिटला परतताना तोंड वायव्य-उत्तरेला, म्हणजे नेमकं वाऱ्यात. चारला निघालात तर ब्राच आणि शोल्ता या बेटांमधल्या सामुद्रधुनीतून येताना बोट दर लाटेवर आपटते. जुलैत तिथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सहाला निघणं केव्हाही सुखाचं. मात्र सकाळी साडेसातला निघालेल्या बोटीचे दहा तास साडेपाचलाच संपतात. जादा तासाचा दर आधीच लिहून घ्या.

तुमच्या नऊ जणांना आमचा सल्ला: बिशेवो सोडा. द्र्वेनिक वेली बेटाजवळच्या क्र्कन्याशी लगूनमध्ये पोहा, शोल्ताच्या पश्चिम टोकाला मास्लिनित्सा गावात जेवा आणि परत या. सगळा फेरा तीसेक मैलांचा, इंधन निम्म्याहून कमी आणि परतताना वारा पाठीशी. गुहेचा फोटो मिळणार नाही, पण आजोबांची पाठ शाबूत राहील.

प्रश्न: ब्लू केव्हमध्ये आपली बोट आत जाते का? निळा प्रकाश हमखास दिसतो का? (कोल्हापूर)

उत्तर: आपली बोट आत जात नाही. मेझुपोरात नावाच्या शेजारच्या खाडीत उतरायचं, माणशी तिकीट घ्यायचं आणि तिथल्या छोट्या होडीतून जायचं. हे तिकीट बोटीच्या भाड्यात क्वचितच धरलेलं असतं. गुहेचं तोंड जेमतेम दीड मीटर उंच आणि अडीच मीटर रुंद. तेही 1884 साली फोडून मोठं केलेलं. होडी आत शिरताना सगळ्यांना डोकं खाली घालावं लागतं. आत पाच-दहा मिनिटं मिळतात, पोहायला बंदी आहे.

प्रकाश तोंडातून येत नाही. पाण्याखाली दुसरं भोक आहे, त्यातून ऊन शिरतं आणि पांढऱ्या तळावरून परततं, म्हणून पाणी खालून पेटल्यासारखं दिसतं. त्यासाठी ऊन हवं आणि वेळ अकरा ते बाराची. गर्दीही अर्थात तेव्हाच. नऊच्या सुमारास पोचलात तर रंग थोडा फिका, पण रांग छोटी. मुलं सोबत असतील तर नऊच बरे.

तोंड पूर्वेकडे असल्याने मायस्त्रालचा त्रास फारसा नसतो. गुहा बंद पडते ती यूगोने, म्हणजे आग्नेयेच्या दमट वाऱ्याने. तो दोन-तीन दिवस वाढत जातो आणि मोठ्या लाटा आणतो.

प्रश्न: आईला कंबरदुखी आहे आणि बोट लागते. मांडव्याच्या बोटीत मात्र तिला काही झालं नव्हतं. (ठाणे)

उत्तर: मांडव्याच्या अनुभवावर विसंबू नका. ती बोट मोठी आणि जड, ही हलकी आणि दुप्पट वेगाची. शिवाय एड्रियाटिकच्या लाटा आखूड आणि उभ्या, एकीवरून उतरेपर्यंत दुसरी येते.

पुढच्या गाद्यांवर, जिथे सगळे फोटो काढतात, तिथे आईंना अजिबात बसवू नका. पुढचा भाग सगळ्यात जास्त उचलला जातो आणि तितक्याच जोरात आपटतो. हाडं ठिसूळ असतील तर मणका दबण्याइतका मार बसू शकतो. जागा मागची, इंजिनाच्या पुढ्यातली, टेकायला पाठ असलेली. पाय जमिनीला टेकलेले हवेत. कंबरेच्या पट्ट्याबद्दल आणि मुळात जावं का याबद्दल डॉक्टरांना आधी विचारा.

बोट लागू नये म्हणून ॲव्होमिनसारखी गोळी निघण्याआधी एक-दोन तास घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. तिने गुंगी येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रिकाम्या पोटी निघू नका, मोबाइलमध्ये बघू नका, नजर क्षितिजावर.

एक गोष्ट कोटेशनमध्ये कधी नसते: अशा बहुतेक बोटींवर शौचालय नसतं. मेझुपोरात आणि ह्वारला सोय आहे. विसच्या स्तिनिवा किनाऱ्यावर मात्र बोट बाहेर नांगरतात आणि अरुंद फटीतून पोहत आत जावं लागतं. न पोहणाऱ्याला तेवढा वेळ डुलत्या बोटीत बसून काढावा लागतो.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी. डबा न्यावा का? लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं मिळतं का? (डोंबिवली)

उत्तर: डबा न्या. स्प्लिटच्या बाजारातून ब्रेड, टोमॅटो, फळं घ्या आणि घरून चिवडा, मेतकूट आणा. पेढे, तूप, दुधात मळलेलं काही नको. भारतातून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. विसवर कोमिझात पोगाचा नावाची भरली भाकरी मिळते. वरून अगदी कांदा-टोमॅटोची वाटते, पण आत खारवलेली बारीक मासळी असते. स्प्लिटच्या बाजूचा सोपार्निक चालेल: दोन पातळ पोळ्यांमध्ये पालकासारखी ब्लित्वाची भाजी आणि कांदा, वर लसूण आणि ऑलिव्ह तेल.

जॅकेट वयावर नव्हे, वजनावर मिळतं. बुकिंग करताना मुलांची वजनं कळवा. घातल्यावर खांद्याला धरून वर उचलून बघा. हनुवटी आत बुडाली तर जॅकेट मोठं आहे. लहान मुलाला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात जॅकेट वर तरंगतं आणि मूल खाली सरकतं. आणि तान्हं बाळसुद्धा बोटीच्या क्षमतेत एक माणूस म्हणून मोजलं जातं.

प्रश्न: स्वच्छ ऊन असताना कंपनीने वाऱ्याचं कारण देऊन फेरी रद्द केली आणि पैशांऐवजी दुसरी तारीख दिली. त्या दिवशी आम्ही घरी असू. हे योग्य आहे का? त्यापेक्षा स्वतः बोट चालवली असती तर? (फ्रँकफर्ट)

उत्तर: ऊन आणि सुरक्षित समुद्र यांचा संबंध नाही. ईशान्येचा बुरा नावाचा वारा पुष्कळदा निरभ्र आकाशातच सुटतो, आणि झोत येतो तो अचानक. रद्द करण्याचा निर्णय स्किपरचा, म्हणजे आपल्याकडच्या तांडेलाचा, आणि तो त्याच्याकडेच राहू द्या. वाद पैशांचा आहे. करारात ‘हवामानामुळे रद्द झाल्यास ग्राहकाच्या पसंतीने परतावा किंवा नवी तारीख’ असे शब्द आहेत का ते पाहा. ‘पसंतीने’ हा शब्द नसेल तर तारीखच हाती पडते. फक्त गुहा बंद असेल आणि बोट निघाली असेल, तर भाडं परत मागता येत नाही. पुढच्या वेळी फेरी मुक्कामाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवा, म्हणजे पुढे सरकवायला दिवस उरतात.

स्वतः चालवायचं म्हणाल तर ग्रीसमध्ये 30 हॉर्सपॉवरपर्यंतची बोट लायसन्सशिवाय भाड्याने मिळते. क्रोएशियात स्पीडबोटीला तिथे मान्य असलेलं लायसन्स लागतं, मोटारीचं चालत नाही. स्किपर असला तरी एक गोष्ट फोनमध्ये ठेवा: समुद्रातल्या बचावकार्याचा तिथला नंबर 195, आणि रेडिओवर चॅनल 16.